दुसरी वेलांटी

मंगळवार, ३ सप्टेंबर

फिल्टर गळतोय! सकाळी माशांच्या टाकीखालचं कपाट उघडलं तर तळाला पाणी. डब्याच्या झाकणाचं रबरी कडं वाळून कडक झालंय. फडकं गुंडाळलं, खाली परात ठेवली. बारा वर्षं चालला बिचारा. माणसासारखंच — आधी सांधे जातात.

पाणी लिहिलं आणि हसू आलं. तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात पंपावर काढली आणि हा एक शब्द मला धड लिहिता येत नाही. हात आपोआप पहिली वेलांटी काढतो. बायको छापखान्यात प्रुफं तपासायची, तिला ते बघवायचं नाही. मी लिहायला बसलो की मागे येऊन उभी! अंबाड्यात पेन्सिलीचा तुकडा खोचलेला. पहिली खोडायची, दुसरी द्यायची. "जित्याची खोड," म्हणायची. रोजनिशी खासगी असते म्हटलं तर — "वाचत नाही हो, नुसतं तपासते." बाकीचं शुद्धलेखन तिनं सुधारून घेतलं. एवढा एक शब्द राहिला.

तिला जाऊन सात महिने झाले. आता कोण तपासतंय!

बुधवार, ४ सप्टेंबर

लेकीचा फोन. फिल्टरचं तिला सांगायलाच नको होतं. तिचं पालुपद सुरू — घर बंद करा, टाकी कुणाला तरी द्या, आमच्याकडे या. पाचशे लिटरचं लोढणं गळ्यात बांधून किती दिवस बसणार, म्हणाली. विचार करतो म्हणालो. खरं कारण तिला सांगता येत नाही. इथे लिहितो.

दुपारी चारला तिची आई टाकीच्या डाव्या अंगाला वेताच्या खुर्चीत चहा घेऊन बसायची. मासे तिचे. मी फक्त पाणी बदलायचा गडी. अजूनही चार वाजता चौदाच्या चौदा पट्टेवाले मासे डावीकडे तोंड करून उभे असतात. ओळीनं. शेपट्या हलतात, पण जागा सोडत नाहीत. खुर्चीकडे बघतात.

खुर्ची रिकामी. मी तिच्यात बसत नाही. कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं.

ती तिथे आहे असं मला वाटतं. लिहून टाकलं एकदाचं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, पण बोलायला लागला की थांबत नाही. टाकी केवढी, मासे किती, झाडं खरी की प्लॅस्टिकची. तासाला टाकीच्या चौपट पाणी फिरलं पाहिजे म्हणाला. खोक्यावरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो, आत स्पंज आणि खडे भरले की धार निम्म्यावर येते. हे मला नवीन नाही. आमच्या पंपांच्या कागदावरसुद्धा असेच फुगीर आकडे असायचे.

मग विचारलं, पाणी परत टाकीत पडतं ती नळी कुठल्या बाजूला आहे? डावीकडे, म्हटलं.

"मग मासे डावीकडे तोंड करून उभे राहत असतील."

तुम्हाला कसं कळलं?

"काका, मासा धारेकडेच तोंड करतो. नाहीतर वाहून जाईल की."

काही न घेता परत आलो.

शनिवार, ७ सप्टेंबर

सकाळी दहाला बघितलं. बाराला बघितलं. दोनला बघितलं. चौदाही डावीकडे. आजवर मी चार सोडून दुसऱ्या वेळी कधी बघितलंच नव्हतं.

सोमवार, ९ सप्टेंबर

परात आता दिवसातून दोनदा ओतावी लागते. धार मंदावलीय. दोन मासे वर येऊन तोंड उघडतायत.

दोन फिल्टर मनात धरलेत. छोट्याच्या नळ्या आखूड. धार डावीकडेच सोडावी लागेल, म्हणजे काहीच बदलणार नाही. आणि काही कळणारही नाही. मोठ्याच्या नळ्या लांब, त्याची धार उजवीकडून सोडता येते. मग मासे डावीकडे का बघतात ते एका दिवसात कळेल. दुकानदार मला लिटर विचारतो आणि माझा घोळ हा असा!

दिवसभर छोटाच घ्यायचं ठरवत होतो. पण पाचशे लिटरला तो पुरायचा नाही, वर्षभरात एकेक मासा जाईल. तिचे मासे मारून तिला बसवून ठेवू?

मोठा घेणार. मासे तरीही खुर्चीकडेच वळले तर मी इथून हलणार नाही. उजवीकडे वळले तर लेकीकडे जाईन. ठरलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

मोठा आणला. दुकानदारानं तीनदा बजावलं — जुना स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात हलका पिळायचा आणि तसाच नव्या डब्यात घालायचा. टाकीचं पाणी त्या घाणीतल्या जिवांवर जगतं. "ते विरजण आहे काका. विरजण फेकलं तर सगळंच गेलं."

पिळताना स्पंजातून तिचा एक लांब पांढरा केस निघाला. शेवटचा तिनंच धुतला असणार. हातात धरून बराच वेळ बसलो. मग तोही विरजणाबरोबर आत घातला.

धारेची नळी उजवीकडे लावली. फिल्टर सुरू झाला की नाही कळेना, इतका मुका! डब्याला हात लावून बघावं लागलं. बारा वर्षांची घरघर थांबली. घर अचानक मोठं वाटतंय.

आता लिहिताना पाठीमागची हलती फरशी वाजली. टक. जुनी फरशी, वाजत असेल नेहमीच. आजवर घरघरीत ऐकू आली नाही, एवढंच.

गुरुवार, १२ सप्टेंबर

चार वाजले. चौदाही उजवीकडे. भिंतीकडे तोंड करून.

रडलो. उगाच लपवायचं कशाला.

शनिवार, १४ सप्टेंबर

लेकीला येतो म्हणून कळवलं. तिलाच रडू फुटलं. "बाबा, आईलाही बरं वाटलं असतं," म्हणाली. मी हो म्हणालो.

मंगळवारी दुकानदार टाकी, मासे, नवा फिल्टर, सगळं घेऊन जाणार. त्याच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांना दवाखान्यात ठेवायचंय. मासे सुखात राहतील. वेताची खुर्ची शेजारणीला दिली. नेताना तिनं सहज विचारलं, तुम्ही नाही का बसत हिच्यात?

फरशी वाजली. खुर्ची गेली, घरघर गेली, आता ही तेवढी राहिलीय. मी मागे वळून बघत नाही. बघायला काय आहे!

सोमवार, १६ सप्टेंबर

कपडे, औषधं, चष्मे, तिचा फोटो. आयुष्य दोन बॅगांत मावलं. ही वही उद्या सकाळी भरायची. मी मागची पानं कधी उलटून वाचत नाही. उद्या एकदा चाळेन.

मंगळवार, १७ सप्टेंबर

चाळली. तीन तारखेपासून. पाणी जिथे जिथे आलंय, तिथे तिथे पहिली वेलांटी खोडलेली आणि दुसरी दिलेली. पेन्सिलीनं. बारीक, नेटक्या हातानं. पाणीपुरवठ्याचीसुद्धा सोडली नाही.

वही कुलपात असते, किल्ली माझ्या खिशात. घरात पेन्सिल नाही.

मी इतके महिने वेड्यासारखा खुर्चीकडे बघत राहिलो. तिची जागा माझ्या पाठीमागे होती. जित्याची खोड मेल्यावरही जात नाही!

दुकानदाराला येऊ नका म्हणून सांगितलं. लेकीला काय सांगायचं ते बघू. आता खाली एक शब्द मुद्दाम पहिल्या वेलांटीचा लिहितो आणि वही उघडी ठेवून चहा टाकायला जातो. दोन कप.

पाणी