नेटवर मिळालेला नंबर

४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसची सहल मालवणला! आणि ठरवायचं सगळं माझ्या गळ्यात. गौतमने – आमच्या टीमचा साहेब – भर मीटिंगमध्ये जाहीर केलं, "पद्मजा तिकडचीच आहे. तिला सगळं माहीत असणार." नऊ माणसं, तेरा ते पंधरा डिसेंबर. एक दिवस पाण्याखालचं प्रवाळ, एक दिवस कधीतरी बुडालेली मालवाहू बार्ज. गौतम अंदमानात डायव्हिंग करून आल्यापासून त्याला जमिनीवरचं काही आवडेनासं झालंय.

मला काय डोंबल माहीत! दहावीपर्यंत मे महिन्यात आत्याकडे जायचे, तेवढंच. पण "हो हो, बघते" म्हणाले. चार वर्षं कँटीनमध्ये मालवणच्या फुशारक्या मारल्यात, आता भोगा.

६ नोव्हेंबर

चौदा डायव्हिंगवाल्यांची पानं बघून झाली. सहा जणांकडे एकच कासव. तेच पाणी, तोच कोन! बिचारं सहाही कंपन्यांत कामाला आहे. प्रत्येक जण "सर्वात सुरक्षित", प्रत्येक जण "सर्वात स्वच्छ पाणी".

शेजारच्या टेबलावरची श्रेया शहाणी आहे. तिने प्रश्नच लिहून दिले – एका प्रशिक्षकामागे माणसं किती, हवेच्या टाक्या शेवटच्या कधी तपासल्या, बोटीवर ऑक्सिजन आहे का, विमा आहे का. "फोटो बघून ठरवू नकोस," म्हणाली.

घरी अण्णांना सांगितलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मगे रघुक फोन कर. आणखी कोणाक ईचारतस?"

रघु म्हणजे माझा आतेभाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आधी मासेमारी करायचा, गेली सहा वर्षं त्याच होडीवरून पर्यटकांना प्रवाळ दाखवतो. रीतसर शिकून, परवाना घेऊन. होडीचं नाव "सातेरी प्रसाद".

९ नोव्हेंबर, शनिवार

रघुला फोन केला नाही. का केला नाही, ते निदान इथे तरी खरं लिहावं.

रघु फोनवर असा ओरडतो की पलीकडे माणूस नसून दुसरी होडी आहे. भेटला की आधी पाया पडेल, मग सगळ्यांना घरी जेवायला ओढून नेईल. आत्या पडवीत पंगत मांडेल. आणि ऑफिसला मी सांगितलेलं मालवण वेगळं आहे! समुद्राला लागून घर, नारळाची बाग. घर आत्याचं, बाग म्हणजे सहा माड. अण्णांबद्दल विचारलं की म्हणते, "बाबा टेक्स्टाइलमध्ये होते." खोटं नाही. लोअर परळच्या ज्या आवारात आमचं काचेचं ऑफिस आहे, त्याच मिलमध्ये ते साच्यावर, म्हणजे मागावर होते. अठ्ठावीस वर्षं. हे तिथे एकालाही माहीत नाही.

आणि हाच रघु. मी आठवीत असताना, आत्या नको म्हणत होती तरी, होडीच्या टोकावरून उडी मारली, माझा उजवा कान फुटला. रक्त बघून घरात एकच बोंब. अकरा वर्षांचं ते पोर पुढे होऊन म्हणालं, "मी ढकललंय तिका." शिरपुटीने, ओल्या छडीने, मार खाल्ला. मला कोणी चकार शब्द बोललं नाही. मीही गप्प बसले.

गप्प बसण्याची सवय जुनीच म्हणायची.

११ नोव्हेंबर, सोमवार

अण्णांनी रोज विचारून भंडावलं म्हणून यादीत तिसरा नंबर रघुचा टाकला. बाकी दोघांसारखाच, नुसत्या होडीच्या नावाने, परका म्हणून. वाटलं होतं गौतम पहिल्यावरच थांबेल. कुठला! मीटिंग रूममध्ये स्पीकरवर एकेकाला फोन. "मराठीत तू बोल."

पहिल्या दोघांनी सगळ्यालाच "हो मॅडम, होऊन जाईल" म्हटलं. मग रघु. मी आवाज बारीक केला. "हॅलो, आम्ही मुंबईहून बोलतोय, नऊ जणांचं बुकिंग करायचं होतं." पलीकडे जरा वेळ नुसता वारा. मग, "बोला मॅडम!"

ओळखलं नाही! सुटले.

श्रेयाचे प्रश्न विचारले. एका प्रशिक्षकामागे किती? "एका माणसामागे एकच माणूस, मॅडम. हात सोडूचो नाय." टाक्यांची तारीख घडाघडा सांगितली. विमा आहे, ऑक्सिजन आहे. मग मी बार्जचं विचारलं.

"कोण कोण येतलेत?"

"आम्ही सगळेच. नऊही."

"मगे बार्ज नको. प्रवाळ दाखवतंय. बार्ज नाय."

"का पण?"

"नाय म्हणजे नाय, मॅडम."

गौतमने फोन ठेवला. "बोट चालवतो आणि बार्जला घाबरतो!" कोणीतरी "नाय म्हणजे नाय" अशी नक्कल केली. सगळे हसले. मीही हसले. हे लिहायलाच हवं – मीही हसले.

"हा नंबर कुठून आणलास?" गौतम.

"नेटवर मिळाला."

इथवर एक वेळ चाललं असतं. पण श्रेया म्हणाली, "मला तर हाच बरा वाटला. जमत नाही ते सरळ नाही म्हणतो. घेऊया याला, नाही बघितली बार्ज तर काय बिघडलं?" दोघंतिघं हो म्हणायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे आत्याची पडवी. आणि तोंडातून निघून गेलं, "नको. याच्याबद्दल ऐकलंय मी. गेल्या वर्षी याच्या होडीवरचा एक जण बुडता बुडता वाचला."

असं काही झालेलं नाही. कधीच नाही.

पुण्याची एक कंपनी ठरली. चकाचक. कासववाल्या सहांपैकीच एक.

१३ नोव्हेंबर

गौतमचा डायव्हिंगवाल्यांचा एक ग्रुप आहे, सहाशे माणसं. त्यावर त्याने टाकलंय – "मालवणला सातेरी प्रसाद टाळा. अपघात झालाय. तिथल्याच माणसाकडून कळलं." कौतुकाने मला दाखवलं. तिथलं माणूस म्हणजे मी!

"गौतम, ते काढून टाक" असं लिहिलं. पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं.

१९ नोव्हेंबर

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

अण्णा आत्याशी फोनवर अर्धा तास. ठेवल्यावर तोंड एवढंसं. "रघुक यंदा गिरायक नाय. नाताळचा सगळा बुकिंग रद्द. मुंबईत कोणी तरी सांगल्यान, त्याच्या होडयेर माणूस बुडालो. आता होडी दुसऱ्या कंपनीक लावल्यान, त्येंच्या हाताखाली." थोड्या वेळाने, "असा बोलणाऱ्याची जीभ झडाक व्हयी!"

मी आमटी वाढून घेतली. अजून काय करणार? जीभ शाबूत होती, जेवले.

५ डिसेंबर

कंपनीने तब्येतीचा फॉर्म पाठवलाय. दमा, फिट्स, रक्तदाब, कान, हृदय, अमुक, तमुक. सतरा प्रश्न, सतरा वेळा "नाही". एकदा खोटं अंगवळणी पडलं की हात आपोआप चालतो.

१४ डिसेंबर, शनिवार. तारकर्ली

कसं लिहू.

सकाळी धक्क्यावर कंपनीचा माणूस आला, पुण्याचाच. हसतमुख, हातात नावांची यादी. बोट कुठे, तर म्हणाला, "बोटी आम्ही इथल्याच लावतो." बोट आली. बाजूला कंपनीचा भलामोठा निळा कापडी फलक बांधलेला. खाली नावाची नुसती शेवटची दोन अक्षरं दिसत होती – "साद". पण मला नाव वाचायची गरजच नव्हती. वल्ह्याच्या खोबणीतला हिरवा रंग मी लहानपणापासून ओळखते.

सुकाणूवर रघु. अंगात कंपनीचा निळा टीशर्ट, पाठीवर कासव. केस पिकलेत जरा. त्याने मला बघितलं. मी त्याला. मनात म्हटलं, आता "ताई" म्हणणार. म्हण बाबा, म्हणून टाक एकदाचं! त्याने हात पुढे केला.

"येवा मॅडम. हळू. फळी ओली आसा."

बस. एवढंच! मी हात धरून चढले आणि "थँक्यू" म्हणाले. लहानपणी ज्याच्या ताटातला मासा पळवून खायचे, त्याला थँक्यू.

प्रवाळावर त्याने माणसं वाटून दिली, मला स्वतःकडे घेतलं. शिडीपासून हातभर लांब जाऊ दिलं नाही. बाकीचे खाली वीस फुटांवर माशांत फिरत होते आणि मी आपली वरच तरंगत, पाण्यात तोंड घालून. मी खाली बोट दाखवलं. त्याने मान हलवली. नाही. दंडावरची त्याची पकड दुखेपर्यंत घट्ट. रागावला असणार, दुसरं काय! रागवायलाच हवं. वर आल्यावर गौतम हसून म्हणाला, "पद्मजा, तुला पोहायला येत नाही वाटतं?" रघु टाक्या मोजत होता, त्याने वर बघितलंसुद्धा नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आज बार्ज. निघताना रघु कंपनीच्या माणसाशी काहीतरी बोलला. तो माझ्याकडे आला, "मॅडम, बोटवाला म्हणतो तुम्ही आज किनाऱ्यावर थांबा." का? "म्हणतो, नेणार नाही." सगळ्यांसमोर.

थांबले. वाळूत बसून चार तास होडीकडे बघितलं. इतकं बरोबर कोणी कधी मला शिक्षा केली नव्हती.

परत आले ते सगळे वेड लागल्यासारखे. गौतम तर थांबेना. "त्याने यंत्र बघितलंच नाही! किल्ल्याचा बुरूज आणि कुठलासा एक माड एका रेषेत आणले, म्हणाला टाका नांगर. बरोबर बार्जच्या डोक्यावर! असा माणूस मी अंदमानातही नाही बघितला. नाव काय ग त्याचं, विचारलंस?"

म्हणजे बार्ज त्याला तळहातासारखी ठाऊक आहे. मग त्या दिवशी फोनवर नाही का म्हणाला? कळेना. विचारायचं तोंड कुठे होतं मला? नाव विचारलं तर म्हटलं, "माहीत नाही."

दुसऱ्यांदा नाकारलं त्याला.

१६ डिसेंबर. लालबाग

अण्णांना सगळं सांगितलं. फोन, नंबर, अपघात, ग्रुप, मॅडम. बोलताना त्यांच्या पायांकडे बघत होते. ओरडतील वाटलं. ते चष्मा पुसत बसले.

"म्हणजे तू त्येंका सांगलंस, रघु माझो भाचो नाय?"

एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते उठून गॅलरीत गेले. जेवायला आले नाहीत.

लाज वाटते म्हणतात ती काय असते ते आज कळलं. मला लाज रघुची वाटत नव्हतीच कधी. मला माझी वाटत होती, आणि ती मी त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवली.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी गौतमच्या केबिनमध्ये गेले. श्रेयालाही बोलावलं. सांगितलं – सातेरी प्रसाद हीच ती होडी, ज्याने बार्ज दाखवली तोच रघु, माझा सख्खा आतेभाऊ. अपघात मी रचला. आणि या खिडकीतून ती मिलची चिमणी दिसते ना, तिथे माझे वडील साच्यावर होते.

गौतमचा चेहरा पडला. म्हणाला, "माझ्या नावाने गेलंय ते, पद्मजा." खरंच आहे.

त्या सहाशे माणसांच्या ग्रुपवर मी स्वतः लिहिलं, माझ्या पूर्ण नावानिशी. "सातेरी प्रसादवर कधीही अपघात झालेला नाही. मी खोटं बोलले. होडीवाला माझा भाऊ आहे, आणि हे सांगायची मला लाज वाटली." पाठवलं. पाच मिनिटांत शिव्या सुरू. वाचल्या सगळ्या.

रघुला फोन लावायचं धाडस नाही झालं.

१८ डिसेंबर

सकाळी त्याचाच आला. तसाच ओरडत!

"ताई! ग्रुपवर कित्या लिवलंस तां? पयल्या हॅलोकच वळाकलंय तुका मी. सायबांबरोबर बसलंस म्हणान मॅडम म्हटलंय."

मी विचारलं, "मग बार्ज का नाही म्हणालास रे?"

"गो, थंय चाळीस फूट खाली जावचा लागता. तुझो कान फुटलेलो मां!"