चौथ्या घरातला बुडबुडा

भाऊजी, माझ्या टाचांना लावायचं मलम, नवी कोरी डबी, तुमच्या दादांनी गाडीच्या इंजिनाला चोपडून संपवलं. मी भेगाळल्या पायांनी घरभर फिरतेय आणि ते लोखंड लोण्यासारखं मऊ झालंय. हे आधी सांगायचं होतं म्हणून पत्राच्या डोक्यावरचं खाली ढकललं. आता घ्या: भाऊजींना वहिनीचे पोटभर आशीर्वाद. तुमची तब्येत बरी आहे असं धरून चालते (नसती तर जाऊबाईचा फोन आलाच असता, तुम्ही शिंकलात तरी ती कळवते). तिचा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हणावं. इकडे सगळं धडधाकट आहे, एक स्वयंपाकघर सोडून. फोन का नाही केला म्हणाल, तर दादांचं नाव काढलं की तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता. कागद मधेच ठेवता येत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा वाक्य लांबलं तर दम घेऊन वाचा.

तर ती जुनी गाडी ह्यांनी परत उघडलीय. इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला तुम्ही हेड म्हणता, ते काढून माझ्या ओट्यावर उपडं घातलंय. त्यात वाट्यांसारखी चार घरं आहेत, पेट्रोल पेटतं ती. ती चारही अगदी सारखी भरली पाहिजेत म्हणे, नाहीतर एक जास्त जोर करतं, दुसरं कमी, आणि इंजिन लंगडतं. (आपल्या घराचंही तेच आहे, पण ते कोण मोजतंय.) मोजायची रीत ऐका. घराच्या काठाला मलम फासायचं, माझंच, त्यावर भोकाचं पारदर्शक प्लास्टिक दाबायचं आणि सुईच्या पिचकारीनं भोकातून रॉकेल सोडायचं. घर काठोकाठ भरलं की किती मावलं ते पिचकारीवर वाचायचं. रॉकेल दिसावं म्हणून त्यात माझी ओठांची लाली खरवडून घातली, जाऊबाईनं दिलेली, जी मी जपून वर्षातून दोनदा लावते. आता ती घरांतल्या आठही व्हॉल्व्हना, त्या झडपांना, लागलीय, नटून बसलेत मेले. आणि प्लास्टिक कुठलं? तुमच्या लग्नाच्या फोटोवरचं! दोघे भाऊ गाडीला टेकून उभे आहात तो. फोटोवर असतानाच भोक पाडलं, नेमकं तुमच्या नाकावर. मी म्हटलं, "अहो, दुसरीकडे पाडा की." तर म्हणे, "तिथेच मधोमध येतंय, त्याला मी काय करू?"

प्लास्टिक दाबून धरायला माणूस लागतं, ते माणूस मी. अंगठे लाल झाले, डाळ दोनदा करपली. मी विचारलं, हे बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये का नाही मांडत? तर म्हणाले, "या घरात सरळ जागा एकच. धाकट्यानं बसवलेला ओटा. पाणसळ लावून बसवलाय त्यानं, केसभरही ढळायचा नाही." फरशीवाल्या दिराचं एवढं कौतुक दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, म्हणून ओटा दिला. नाहीतर हेडासकट बाहेर काढलं असतं.

दोन वर्षांपूर्वीचं मी उगाळत नाही, पण उगाळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तेव्हाही हेड ह्यांनीच बसवलं होतं, "चालतंय, डोळ्यांना कळतं" म्हणत. तुमच्या सासरच्यांना घेऊन निघालो तर चढावर गाडी खडखडली, थांबली, आणि तुमच्या सासऱ्यांना कडक इस्त्रीच्या कपड्यांत ढकलावी लागली. तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत बोललात, "दादा, तू आयुष्यात कधी काही मोजलंयस का?" बोललात ते खरं होतं. पण खरं बोलायला जागा बघावी लागते, भाऊजी. सासऱ्यांपुढे नाही. टेम्पो चालवणारा माणूस, उभा जन्म अंदाजावर गेला, आणि कधी कुणाला धडकला नाही. त्या दिवसापासून मात्र तुमच्याशी बोलणं सोडलं. आता सगळं मोजतो. चहात साखर मोजतो, पायरीची उंची मोजतो, परवा माझी वेणी मोजली. मी हात झटकला.

आणि मोजून मोजून काय, तर चौथं घर! तीन घरं सारखी भरतात आणि चौथ्याशी आलो की हे मान हलवतात, "बुडबुडा राहिला." की ओतलं परत, पुसलं परत, मलम परत. तुम्ही जाणते आहात, तर मला एवढंच कळवा की ओट्याला बसलेला रॉकेलाचा वास कशानं जातो. लिंबू घासून झालं. बाकी काही मागणं नाही. जाऊबाईला आणि पोरांना माझा आशीर्वाद सांगा.

तुमची वहिनी

ता. क. वासाचं राहू द्या, तो मी काढीन. चौथ्या घरात बुडबुडा नाही. प्लास्टिक मी धरते, माझ्या दोन अंगठ्यांच्या मधून दिसतं सगळं. मंगळवारीच चारही घरं बरोब्बर जुळली, काटा इकडचा तिकडे नाही. ह्यांनीही बघितलं. मग खिडकीबाहेर बघत बसले आणि म्हणाले, "बुडबुडा राहिला." आणि ओतून दिलं. जुळलं म्हटलं की हेड बसवावं लागेल, गाडी सुरू होईल, आणि तुम्ही नसताना होईल. ते त्यांना नकोय. बोलवायचंही जमत नाही. म्हणून चाललंय मोजणं.

आणखी ता. क. तुम्हीही काही कमी नाही. तसली गाडी रस्त्यात दिसली की तुम्ही स्कूटर थांबवून आवाज ऐकता, जाऊबाईनं सांगितलंय. तिला रागावू नका, मी खोदून विचारलं.

शेवटचा ता. क. रविवारी या. माफी वगैरे नको, ह्यांना ती ऐकता येत नाही, उठून बाहेर जातात. नुसतं पिचकारीवर वाका, आकडा वाचा आणि "दादा, बरोबर आहे" म्हणा. प्लास्टिक तुम्ही धरा, तुमच्याच नाकावर आहे भोक. येताना मलमाची डबी आणा, मोठी. शुक्रवारपर्यंत "येतो" एवढा एक शब्द मला पोचला पाहिजे. "बघतो" कळवलंत तर शनिवारी मी स्वतः आणायला येईन, आणि याच पायांनी येईन.