कावळ्याचा निरोप

प्रिय गोजर,

अक्षर ओळखून कागद चुलीत टाकू नको. धाड गावी रहेमतुल्लाचाचाच्या ओसरीवर बसून लिहितोय. चाचा समोर बांगड्या निवडतोय, फुटक्या एकीकडे, साबूत एकीकडे. त्याची बकरी माझ्या पायजम्याची नाडी चघळतेय. पिंपळगाव राजाच्या बाजारात एका बकरीनं आमच्या तंबू-टॉकीजचं पोस्टर खाल्लं होतं, थेट नटीच्या डोळ्यापर्यंत... जाऊ दे. माय म्हणायचीच, निवृत्तीले पाणी आणाले धाडलं, तर विहीर कोणी खोदली ते इचारत बसते.

मागच्या उन्हाळ्यातला कावळा आठवतो ना? माय अंगणात कुरडया घालत होती अन् कावळा तिच्या डोक्याला शिवून गेला. झुंबरमामी घाबरली. असा कावळा शिवला की माणूस जातं, अन् त्याला उतारा एकच. दूरच्या आपल्या माणसाला मरणाची खोटी बातमी धाडायची; ते खरं रडलं की मरण फिरून जातं. आपल्या घरात दूरचा म्हणजे मीच. निरोप मेहकरला मिळाला. हातातला तंबूचा दोर तसाच सोडून निघालो. एसटीत इतका रडलो की कंडक्टरनं स्वतःची जागा दिली. घरी येऊन पाहतो, तर माय चुलीपुढं भाकर थापतेय. "आला का बाप्पा? आता नाही मरत मी!" सारी आळी हसली. तू तर लोळलीस. मीही हसलो, पण लोकांदेखत रडलो याची अशी शरम वाटली, की ठरवलं, पुन्हा नाही फसायचं.

म्हणून सहदेवमामा पिंपळगावला येऊन "निवृत्ती, तुही माय गेली रे" म्हणाला, तेव्हा मी काय बोललो ते त्यानं तुम्हाला सांगितलं असेल. नसेल, तर मामा देवमाणूस. मी म्हणालो, "या बारी कावळा कुठं बसला, मामा? डोक्यावर का खांद्यावर?" मशीनवाला, गेटवाला, सारे हसले. मामा उभाच. चहा दिला, घेतला नाही. जिलबी आणली, पाहिलीसुद्धा नाही. "येतं का नाही?" एवढंच विचारलं. "मायले सांग, यंदाचं रडणं संपलं. दिवाळीले येतो," असं म्हणून मी कर्ण्यावर सांजच्या खेळाची हाळी द्यायला गेलो. जाताना मामाची पाठ दिसली, गोजर. बहिणीला पोचवून आलेल्या माणसाची पाठ होती ती. मी हाळी देत राहिलो.

पुढच्या बाजारात चाचा भेटला. मी केसांना तेल चोपडून शीळ घालत हिंडत होतो. त्यानं बांगड्यांची पेटी खाली ठेवली. "बेटा, तुह्या मायच्या मातीले होतो मी. तू काऊन नव्हता?" चाचाला आपला कावळ्याचा उतारा ठाऊक नाही. तेव्हा कळलं. अन् खरं सांगू, रडू आलंच नाही. माय जिती होती तेव्हाच सारं रडून बसलो होतो.

दहाव्याला मी आलो होतो. नदीच्या पल्याड, बाभळीआड; पात्र अरुंद, बोलणं ऐकू येत होतं. अल्याड यायला पाय उचलला नाही. पिंड ठेवलं, कावळे झाडावरच. मामा हात जोडून म्हणाला, "बाई, गोजरचं लगन मी करून देईन." कावळा उतरला नाही. मामी म्हणाली, "तुही गाय इकत नाही आम्ही." तरी नाही. महाराज दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात तू बायांतून पुढं आलीस अन् ओरडलीस, "माय, दादा आला तर त्याले घरात घेईन मी. कोणाले बोलू नाही देणार!" अन् कावळा उतरला.

तेव्हापासून चाचाकडेच आहे. डोकं मुंडवलंय, न्हावी मिळेपर्यंत चाचानं गावात हिंडू दिलं नाही. हे लिहायचं कारण एवढंच. तू शब्द मायला दिलास, मला नाही. कावळा यावा म्हणून माणूस काहीही बोलून जातं, अन् त्या शब्दाच्या आडून उंबरा ओलांडायची मला लाज वाटते. उद्या चाचा बांगड्या अन् हा कागद घेऊन तुमच्याकडे येईल, तुझं वाचून होईस्तोवर थांबेल. त्याच्याजवळ 'ये' म्हण, नाही तर 'येऊ नको' म्हण. या बारी जो निरोप येईल, तो मी खरा मानीन.

तुझाच,
उशिरा आलेला दादा
निवृत्ती