भिंतीकडे तोंड केलेली पाकळी

बाबा, तुम्हाला लिहायचे आहे ते एका पाकळीविषयी. पण ती कोणत्या भिंतीवरची, आणि उलटी का, हे आधी नीट मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. मुळापासून सुरुवात केल्याखेरीज फुलापर्यंत पोहोचायची सवयच नाही. तुम्ही हसाल. हसा.

पितृपक्ष चालू आहे. माधवनगरातल्या आपल्या भाड्याच्या घराबाहेर, दाराच्या डाव्या हाताला, याच दिवसांत तुम्ही संजा करायचात. माळव्यात या पंधरवड्यात मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची एक आकृती काढतात, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या दाबतात, मग एकमेकींच्या दारात जाऊन गाणी म्हणतात आणि डबा वाजवून आतला प्रसाद ओळखायला लावतात. रोज आकृती नवी, आदल्या दिवशीची खरवडायची, आणि शेवटी साठलेले सगळे क्षिप्रेत सोडायचे. आई होती तोवर आपल्या घरी हे नव्हते. ती नवरात्रातल्या भोंडल्याची वाट बघायची. ती गेली त्या वर्षी मुलींचा घोळका आपल्या दारावरून रोज पुढे निघून जाऊ लागला. बाईमाणूस नसलेल्या घरी लेकींना पाठवायला त्यांच्या आया कचरत होत्या, हे मला मोठेपणी कळले. तुम्हाला तेव्हाच कळले असणार, कारण दोनच दिवसांनी तुम्ही बँकेतून येताना शेजारच्या काकीजींकडून शेण मागून आणलेत.

मी उंबऱ्यावर बसले आहे. तुम्ही पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आहेत. शेण ताजे हवे पण पातळ नको. तळहातांत घोळवून त्याची सुतळीएवढी वळी करायची, भिंतीवर ओला हात फिरवायचा, मग ती वळी आकृतीच्या रेषेने दाबत जायची. पाकळी लगेच बसवावी लागते, वाळल्यावर शेण तिला धरत नाही. हे सारे काकीजी कमरेवर हात ठेवून सांगताहेत आणि मध्येच म्हणताहेत, "बाबूजी, ये तो छोरियों का काम है."

"छोरी की माँ नहीं है, काकीजी," तुम्ही वर न बघता म्हणालात. "तो आधी छोरी मैं भी."

काकीजींना लगेच दुसरी चूक सापडली. कारण तुम्ही तेरड्याची प्रत्येक पाकळी उलटी लावत होतात. रंगाची गडद बाजू भिंतीकडे, फिकी बाजू आपल्याकडे. "फूल को मुँह के बल सुला दिया," त्या म्हणाल्या, आणि गल्लीभर ते झाले. तुम्ही चूक सुधारली नाहीत. मी कारण विचारले तेव्हा एवढेच म्हणालात, "आपण इकडून बघतो. तिकडून बघणाऱ्यालाही काही दिसायला हवं." मी भिंतीला कान लावून बघितला होता. पलीकडे स्वयंपाकघर होते, आणि त्यात कोणी नव्हते.

तुमची दुसरी रीत मात्र चूक नव्हती. प्रत्येक आकृतीत तुम्ही एका पाकळीची जागा मोकळी सोडायचात. पुरे झालेले चित्र लोक बघून जातात, अपुऱ्या चित्राला हात लावायला थांबतात, असे तुमचे म्हणणे. ते अगदी खरे ठरले. पहिल्या संध्याकाळी एक मुलगी थांबली, मग त्या जागेसाठी भांडणे होऊ लागली. तुमच्या डब्यात रोज फुटाणे आणि गूळच असायचा. मुली मुद्दाम पेढे, जिलबी, बालूशाही अशी यादी म्हणायच्या आणि तुम्ही रोज चकित झाल्यासारखे करायचात. आपले घर पुन्हा गल्लीत आले, बाबा. शेणाच्या चार वळ्यांनी ते आणले.

नवमीची आकृती डोकरा-डोकरीची, म्हणजे म्हातारा-म्हातारीची. आणि आपली अविधवा नवमी तीच. सवाष्ण गेलेल्या आईचे श्राद्ध तुम्ही सकाळी केले होते. संध्याकाळी तुम्ही म्हातारा पुरा केलात, म्हातारी पुरी केलीत, आणि मोकळी जागा सोडलीत ती तिच्या कपाळावर. त्या दिवशी मुलींपैकी कोणी पुढे आले नाही. काकीजी दबक्या आवाजात म्हणाल्या की ही जागा रिकामी ठेवत नाहीत. तुम्ही म्हणालात, "जिची आहे, ती भरेल."

सकाळी तिथे लाल पाकळी होती. गडद बाजू बाहेर.

मी तेव्हाही पुरावे तपासणारी मुलगी होते. तुम्ही लावली असती तर उलटी असती. काकीजींना विचारले, तर त्यांनी गायीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. तुम्ही त्या पाकळीला बोटाचे टोक लावलेत आणि चहा न घेताच बँकेत गेलात. त्यावर आपण पुढे कधीही बोललो नाही.

आता मी नानाखेड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. सोसायटीच्या भिंतीला शेण लावू देत नाहीत, म्हणून फरशीच्या तुकड्यांवर संजा करते आणि फोटो काढून मोजक्या माणसांना पाठवते, एक जागा मोकळी सोडून. इंदूरची माझी मैत्रीण दर वेळी तिथे कचोरीचे चित्र डकवून परत पाठवते. असे रोजचे चालते, आणि त्या कचोरीवरून मला तिची तब्येत कळते.

हे मी यंदा खरे तर लेकीसाठी सुरू केले. उन्हाळ्यात आमचे जावई गेले. पुण्याच्या घरात ती एकटी आहे. मी रोज फोन करून तिला धीर देत होते, दुःखाचे टप्पे समजावत होते. एक दिवस ती म्हणाली, "आई, समजावू नकोस गं. तू बोलायला लागलीस की मला वर्गात बसल्यासारखं होतं." त्यानंतर तिने फोन उचलणे सोडले. म्हणून केवळ चित्र, शब्द एकही नाही. ती बघायची, खुणा निळ्या व्हायच्या, पलीकडून काही यायचे नाही.

परवा नवमी होती. तुमचीच सवय हाताला लागलेली. म्हातारीचे कपाळ मोकळे सोडले, सकाळीच फोटो पाठवला, आणि खुणा निळ्या झाल्यावर मला दिसले की मी कोणाला काय पाठवले आहे.  पुसून टाकावे, तर तिने बघितले होते. माफी मागावी, तर पुन्हा समजावणेच झाले असते. मी दिवसभर हात धूत राहिले.

संध्याकाळी तिचा फोटो आला. माझे चित्र तिने कागदावर छापून घेतले होते आणि म्हातारीच्या कपाळावर खरी लाल पाकळी चिकटवली होती. मागोमाग फोन.

"आई, तुझ्या म्हातारीचं कुंकू राहिलं होतं," ती म्हणाली. "मी लावलं." मग ती रडली. जावई गेल्यापासून माझ्याजवळ पहिल्यांदा. मी एक अक्षर बोलले नाही, आणि शेवटी तिनेच विचारले, "उद्या काय आहे?"

"पंखा."

"माझी जागा सोड."

ती पाकळी उलटी होती, बाबा. तुम्ही गेलात तेव्हा लेक दुपट्यात होती, आणि तुमच्या पाकळ्यांचे मी तिला कधी सांगितलेले नाही. खुडलेली पाकळी मलूल होऊन वळते, घाईत वरखाली कळत नाही, गोंद कोणत्याही बाजूला लागतो. ही सारी कारणे मला फळ्यावर लिहून देता येतील. तिला मी विचारलेले नाही. तुम्हाला विचारायला बसले होते, पण हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू. ते फडक्यांच्या खणात राहील.

एक मात्र सांगते. आदल्या दिवशीची आकृती खरवडायची असते, आणि परवाची डोकरी मी खरवडलेली नाही. कपाळ मोकळे ठेवून ती फरशी मी गॅलरीत, भिंतीकडे तोंड करून उभी केली आहे. रोज तिच्याजवळून कपडे वाळत घालायला जाते. उलटून अजून बघितलेले नाही.