फुले अद्याप अज्ञात

३ सप्टेंबर

कांदावू बेटाच्या बोटीने गावाकडून पुडकं आलं. फूल नाही. हे एकविसावं वर्ष.

आलिपातेने पानं नेहमीसारखी वर्तमानपत्रात दाबून पाठवली आहेत. काही उताणी, काही पालथी, मुळाचा तुकडा वेगळा बांधलेला. हे माझ्याच भावाचं काम, दुसऱ्या कुणाला सांगूनही जमत नाही. लेबलावर त्याचं ठाशीव अक्षर : "खाडीच्या वरच्या अंगाला. वेल जुनी. हिच्या मुळाने मासे मरत नाहीत, झोपतात. थोड्या वेळाने उठून पोहत जातात. ताईंना कळावे, ही डुवा वेगळी."

डुवा वेलीचं मूळ ठेचून पाण्यात सोडलं की मासे मरून वर येतात. आजवर तरी असंच घडत आलंय. त्याचं म्हणणं, गावामागची ही वेल म्हणजे दुसरीच जात. माझं म्हणणं, फूल दाखव. शेंगांच्या या कुळात जो पानांवर विसंबला तो फसला. पानं सगळ्यांची सख्ख्या बहिणींसारखी. पुंकेसर दहाही जोडलेले की एक सुटा, शेंगेला पातळ कड एका बाजूने की दोन्ही — ओळख तिथे पटते. मोठमोठ्या माणसांनी शंभर वर्षं या वेली एका प्रजातीतून उचलून दुसरीत टाकल्या, पुन्हा परत आणल्या. त्या गोंधळात मी भर घालणार नाही.

वसितीला फोन केला. "तुझ्या नवऱ्याला सांग, फुलाशिवाय पुडकं पाठवू नको म्हणावं. इथे कपाटात जागा नाही." तिने तिकडे मान वळवून ते सांगितलं. तो शेजारीच बसला होता. "बरं" म्हणाला, ते मला स्वच्छ ऐकू आलं. तरी ती म्हणाली, "वन्सं, ते 'बरं' म्हणतात."

९ सप्टेंबर

हॉलंडहून संपादकबाईंचा फोन. इथल्या वनस्पतींच्या पुस्तकातला माझा शेंगवेलींचा भाग ३१ ऑक्टोबरला हातात हवाच. कांदावूच्या त्या वेलीचं काय, असंही विचारलं. मी म्हटलं, भावाच्या निरोपाची वाट बघते आहे. "मग सरळ त्यांच्याशीच का बोलत नाही?"

काय सांगू हिला? बारा वर्षांची झाल्यापासून मी आलिपातेशी बोललेले नाही. भांडण नाही. आमच्यात बहीणभाऊ मोठे झाले की बोलत नाहीत, एकमेकांसमोर बसत नाहीत, यालाच मान राखणं म्हणतात. इथे सुव्यातल्या आजच्या पोरी भावाशी खुशाल बोलतात. मी बोलत नाही. निरोपांवर पन्नास वर्षं उत्तम चाललं आहे.

१७ सप्टेंबर

वनस्पतिसंग्रहातला मदतनीस सेकोवे दिवसभर डोकं खात होता. त्याचं गाव आणि आमचं गाव यांचं थट्टेचं नातं, त्यामुळे वाटेल ते बोलायची त्याला मुभा. "बाई, तुम्ही निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. अजून या खुर्चीवरून उठत नाही. उद्या तुम्हालाच दाबून, लेबल लावून कपाटात ठेवतो." मी म्हटलं, लेबल तरी नीट लिही, तुझं अक्षर खेकड्याच्या तंगड्यांसारखं.

२६ सप्टेंबर

आलिपातेला बोटीने इथल्या इस्पितळात आणलं. साखर. पायाची जखम महिनाभर कुणाला दाखवली नाही — पायाला पानं बांधून रानात हिंडत होता. पाऊल काळं पडलंय. वसिती रडली. मी तिला रागावले.

२८ सप्टेंबर

वॉर्डात त्याची खाट दारालगत. मी बाहेरच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून. मध्ये दारात वसिती उभी.

"वसिती, त्याला विचार, दुखतंय का."

"वन्सं विचारतात, दुखतंय का?"

"ताईंना सांग, नाही."

"ते नाही म्हणतात."

"त्याला म्हणावं, खोटं बोलू नको."

नर्स पट्टीचं तबक घेऊन दोनदा अडली. शेवटी म्हणाली, "मावशी, चार हातांवर माणूस आहे. मध्ये हे पोस्ट ऑफिस कशाला उघडलंत?" अख्खा वॉर्ड हसला. आतून आलिपातेही हसला. भिंतीकडे बघत मीही थोडी हसले, त्याला दिसत नव्हतं म्हणून.

मग त्याने विचारलं, यंदाची पानं कशी होती. मी सांगितलं, दोन शीटना बुरशी आहे, वर्तमानपत्र वेळेवर बदललेलं नाही. तो म्हणाला, "ताईंचं बरोबर आहे."

४ ऑक्टोबर

पाय गुडघ्याखाली कापला.

७ ऑक्टोबर

ताप उतरत नाही. वसितीने उकडलेल्या डालोच्या कंदाचे दोन घास भरवले, ते बाहेर आले.

दुपारी त्याने विचारायला लावलं, पुस्तकात माझी वेल आहे का.

मी म्हटलं, "सांग त्याला, फूल नाही तर वेल नाही."

वसितीने हे पुढे सांगितलंच नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. पण ऐकू तर त्याला आलंच असणार. चार हातांवर तर होता. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला : "ताईंना म्हणावं, शोधतो."

एक पाय नसलेला माणूस! कुठे शोधणार होता?

११ ऑक्टोबर

आलिपाते आज सकाळी साडेदहाला गेला. मी बाकावर होते.

१६ ऑक्टोबर

गावी जाऊन आले. सहा तास बोट. पेटी मधोमध, आम्ही कडेला.

मेल्यावर बहिणीला भावाशेजारी बसता येतं. बायकांनी मला त्याच्या उशाशी जागा करून दिली. चटया, वर झाडाच्या सालीचं कापड, त्यावर तो. पन्नास वर्षांनी त्याचा चेहरा जवळून पाहिला. बाबांचं नाक. उजव्या अंगठ्याच्या नखात हिरवट काळं — वेलींचा चीक, धुऊनही न निघालेला. हात हातात घेतला. त्याला काही सांगावं असं वाटलं, वसितीकडे बघितलं, आणि मग लक्षात आलं की आता मधल्या माणसाची गरज नाही. तरी तोंडातून शब्द फुटला नाही. सवयच नाही.

सेकोवे स्वतःच्या खर्चाने आला. थट्टेच्या नात्याने आल्या आल्या ओरडला, "अरे आलिपाते, बहिणीला इतका घाबरलास की थेट जमिनीखाली चाललास?" माणसं हसली. रीतच आहे. मग तो मागे जाऊन माडाखाली बसला आणि हमसून रडला.

वसिती मला म्हणाली, "वन्सं, जेवून घ्या." तेवढंच.

२९ ऑक्टोबर

एकवीस वर्षांची शीट काढून टेबलावर मांडली. चौतीस. प्रत्येकावर पेन्सिलीने माझंच अक्षर : "नेहमीची डुवा. फूल नाही. निरुपयोगी." चौतीस वेळा निरुपयोगी! एका ठिकाणी खाली रेघ मारली आहे. ती शीट त्याच्या धाकट्याच्या लग्नाच्या आठवड्यातली. तेव्हाही तो रानात गेला होता.

पर्णिका मोजल्या. टोक थोडं जास्त निमुळतं आहे का? आहे, असं म्हणता येईल. खालची लव थोडी दाट. असं म्हणता येईल.

आणि झोपणारे मासे. ते काही खोटं नाही. तो खोटं बोलत नाही.

३० ऑक्टोबर

लिहिलं. नवी जात, त्याच्या नावाने. पर्णिका, लव, मुळाचा गुण, जागा. शेवटी : "फुले अद्याप अज्ञात."

हे दुसऱ्या कुणी लिहून पाठवलं असतं तर मी लाल शाईने परत केलं असतं.

सेकोवेने वाचलं. प्रथमच थट्टा केली नाही. "बाई, ही जात कागदावर आहे. रानात आहे का?"

"माझ्या भावाने पाहिली आहे."

"तुमच्या भावाने वेल पाहिली. जात तुम्ही बनवलीत."

"तुला विचारलं नाही."

"नाही विचारलंत," तो म्हणाला आणि दिवे बंद करून गेला. मी अजून बसलेली आहे हे विसरला, की मुद्दाम, कोण जाणे.

३१ ऑक्टोबर

पाठवलं.

८ नोव्हेंबर

संपादकबाई खूश. फूल नसलं तरी माशांवरचा परिणाम फार रोचक, म्हणाल्या. कुणी शंका घेतली नाही. चाळीस वर्षांत मी एकही कच्चं काम पाठवलेलं नाही, म्हणून. त्याच विश्वासावर हे खपलं.

२१ नोव्हेंबर

वसिती बाजाराच्या कामाने सुव्यात आली. यांगोनाच्या मुळाचं पेय केलं, वाट्या घेऊन दोघी मोरीच्या पायरीवर बसलो. छपाईपूर्वीची पानं आली आहेत. मी तिला ते पान दाखवलं. तिच्या नवऱ्याचं नाव लॅटिनमध्ये. तिने बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडेल.

"वन्सं, यात मासे काय लिहिलेत?"

"झोपतात म्हणून. उठून जातात."

तिने वाटी खाली ठेवली. म्हणाली, "झोपतात कसले, वन्सं. मरतात. वीस वर्षं मीच साफ करते, मीच रांधते."

मी म्हटलं, मग त्याने असं का लिहिलं.

तिने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. "हे मी जाळणार होते. त्यांनी सांगितलं होतं जाळायला. नऊ वर्षांपूर्वी फुलली ती वेल. मी म्हटलं, पाठवा, वन्सं किती मागे लागल्यात. तर म्हणाले, फूल गेलं की ताईंना माझ्याकडे मागायला काय उरेल? तुमचा फोन आला की मला दोनदा सांगायला लावायचे, वन्सं. एकदा मी सांगायचं, मग 'कसं म्हणाल्या, तसं म्हण'. मी तुमच्यासारखं रागावून दाखवायचे. मग जेवायला बसायचे."

ती बोट गाठायला निघून गेली. डबा टेबलावर आहे. उघडलेला नाही.

२२ नोव्हेंबर

उघडला. नऊ पुड्या, दर वर्षीची एक. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून फुलं भिजवली, भिंगाखाली उकलली. दहा पुंकेसर, दहाही जोडलेले. शेंगेची कड एकाच बाजूने. नेहमीची डुवा. पहिल्या पुडीवर त्याचं अक्षर : "दहा, एकत्र. ताईंचं बरोबर आहे. कळवू नये."

संपादकबाईंना लिहिलं, ती जात काढून टाका, चूक माझी.

मग वसितीला फोन केला, तिलाही सांगितलं. ती सवयीने म्हणाली, "बरं वन्सं. मग त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, सांग, फुलं फार सुरेख वाळवली आहेत म्हणावं.