मयत रंभाबाई हिच्या नावावर लिहिलेले वाक्य खोडण्याबाबत

प्रति,
मे. मामलेदारसाहेब,
तालुका कचेरी, पनवेल,
जिल्हा कुलाबा.

विषय : माझी पत्नी रंभा हिच्या मृत्यूबाबत मी दिलेला खोटा जबाब रद्द करून खरा जबाब घेण्याबाबत.

संदर्भ : ता. २० ऑगस्ट १९५९ रोजीचा माझा जबाब.

महोदय,

मी कमळाकर बळीराम कोळी, राहणार कोळीवाडा, पनवेल. खाडीजवळ माझे गॅसवर लोखंड जोडण्याचे दुकान आहे. त्याआधी सहा वर्षे मी मुंबईच्या गोदीत हेच काम केले.

१. ता. १६ ऑगस्ट रोजी आमच्या वाड्यातील धर्मराज यांचा होडी ओढायचा गाडा दुकानी आला. हा गाडा मिलिटरीच्या जुन्या ट्रकच्या आसावर बांधलेला आहे. त्याचा आडवा दांडा तडकला होता. वर होडी होती. नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती आणि होडीची पूजा होऊन नारळ फुटला होता. आमच्या वाड्यात पूजा झालेली होडी पाण्याआधी जमिनीला टेकवत नाहीत. धर्मराज यांनी तसे म्हटले आणि मी मान डोलावली.

२. गोदीत आम्हाला शिकवले होते की वरचे ओझे उतरवल्याशिवाय जोडकाम करू नये, तेल लागलेले लाकूड जवळ ठेवू नये, आणि पाणी घेऊन एक माणूस शेजारी बसवावा. काळ्या चष्म्यातून ज्योतीशिवाय काही दिसत नाही, म्हणून तो माणूस लागतो. माझ्या दुकानी तो माणूस रंभा होती. नऊ वर्षे ती बादली घेऊन बसली.

३. त्या दिवशी ती होडीत चढून आतून माशाचे तेल लावत होती. ते पौर्णिमेआधी वाळायला हवे होते. मी गॅस पेटवला तेव्हा तिने वरून विचारले, "अवो, उतरू काय मी? बादलीशी कोन बसंल, तुमचा गोदीचा सायेब?" मी हसलो व म्हणालो, "बस तितंच. दोन टाकं तर मारायचं हायेत." हे आमचे शेवटचे बोलणे. दांडा तापला, त्याला टेकलेल्या होडीच्या फळ्यांच्या फटींत भरलेला कापूस पेटला, आणि आग तेलाच्या डब्याला लागली. गॅसच्या आवाजात मला तिची हाक ऐकू आली नाही. ती शुद्धीवर न येता ता. १९ रोजी दवाखान्यात मयत झाली.

४. दुसऱ्या दिवशी जबाब घेतला गेला. आदल्या रात्री वाड्यातील माणसांनी मला समजावले होते की खरे सांगितलेस तर तुरुंगात जाशील, ती काही परत येणार नाही. मी सांगितले की, मी तिला उतरायला बजावले होते, तिने ऐकले नाही. अधिकाऱ्यांनी मी सांगितले तेच लिहिले. खाली सही माझी आहे.

५. आता वाड्यात सगळे म्हणतात की रंभाने नवऱ्याचे ऐकले नाही. माझी सासू गोदूबाई हिने आधी ते मानले नाही. ती म्हणत असे, "माजी पोर अशी न्हवती." गेल्या महिन्यापासून ती म्हणते, "सरकारात लिवलंय, म्हंजी असंल." मग ती माझ्यापुढे हात जोडते आणि मुलीच्या वतीने माझी माफी मागते. साहेब, हे मला सहन होत नाही.

६. मी कचेरीत दोनदा आलो. मला सांगण्यात आले की प्रकरण बंद झाले आहे आणि हरकत मयताच्या वारसाने घ्यावी. वारस मी आहे. ज्याच्या जबाबावर हरकत आहे तो साक्षीदारही मीच आहे. तरी वारस म्हणून मी त्या साक्षीदाराविरुद्ध हरकत घेत आहे. तो खोटे बोलला.

७. म्हणून विनंती की, "मयताने ऐकले नाही" हे वाक्य खोडावे आणि त्या जागी लिहावे : "मयताने उतरू का असे विचारले होते. नवऱ्याने बस म्हटले." याबद्दल कायद्याने जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. मी माफी मागत नाही.

८. आणखी एक. गोदूबाईला वाचता येत नाही. नवा जबाब झाल्यावर तिला कचेरीत बोलावून आपल्या माणसाकडून तो मोठ्याने वाचून दाखवावा. मी तिला दोनदा खरे सांगितले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, दुःखाने असं बोलतोस बाबा.

उत्तराची वाट पाहणारा,
कमळाकर बळीराम कोळी
(सही)

पनवेल, ता. ५ ऑक्टोबर १९५९

सोबत : ता. २० ऑगस्टच्या जबाबाची नक्कल, एक.