पहाडीवर मोह सोडला त्याची हकीकत

प्रिय खुशालभाऊ,

गुणवंताचा रामराम, आणि परवापासून नमो बुद्धायसुद्धा. तुझा दमा आणि कुंतावहिनींची म्हैस, दोघांचीही तब्येत कळव.

इकडे प्रणितने (माझा मुलगा, हल्ली माझा बाप) फर्मान काढले आहे की बाबांनी गावाबाहेर जायचे ते फक्त खुशालकाकांकडे. थाप सापडली तर तेही बंद, मग उरलेला जन्म मी आणि ओसरी. म्हणून तुझ्याकडे जातो असे सांगून निघालो आणि शेजारच्या दिनेशरावांच्या जथ्यासोबत लेण्याच्या पहाडीवर, चैत पुनवेच्या मेळ्याला गेलो.

काय सांगू तुला ते रान. कुसुमाच्या झाडांना लालभडक पालवी, वाऱ्याला मोहाचा गोड वास. आपल्या चौथीच्या पुस्तकातली डोंगराची कविता मोठ्याने म्हणत चढू लागलो, पण दुसऱ्याच कडव्यात दम तुटला. (कवीने डोंगर पायथ्यावरूनच पाहिला असावा.) जथा पुढे गेला आणि तेवढ्यात मोहाच्या झाडाखाली काळे, वाकलेले काहीतरी हलले. फुले खायला अस्वल येते हे तुला ठाऊकच आहे. मी गुडघे टेकून हात जोडले. अस्वल म्हणाले, "काऊन जी भाऊ, सकाळी सकाळी माह्या पाया काऊन पडून राह्यले?" ती पायथ्याच्या गावातली सोमारीबाई, काळ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन मोहाची फुले वेचत होती. तिने टोपली डोक्यावर घेतली, माझा हात धरला आणि हसत हसत वर नेले.

वर पहाडभर पांढऱ्या कपड्यांतली माणसे, तळ्यावर बगळे उतरावेत तशी शांत बसलेली. लेण्यात दिवा, आणि वंदनेचा असा सूर की माझ्या साऱ्या कविता गप्प झाल्या. भंतेजी म्हणाले, "मोह सोडा." सोमारीबाई माझ्या कानात (म्हणजे सर्वांना ऐकू येईल असे) म्हणाली, "आता तं कुठी झाडाचा मोह पडाले लागला, आताच कसा सोडाचा?" भंतेजींना हसताना अंगावरचे चीवर सावरावे लागले. "झाडाखालचा नाही बाई, मनातला." "मंग ठीक हाय," म्हणत तिने टोपली जवळ ओढली. मग सर्वांबरोबर मीही पंचशील घेतले. शाळेत प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे वाटले, डोळे भरून आले.

तुझा,
गुणवंत

ता.क. रविवारी प्रणित तुला फोन करणार आहे. मी दोन दिवस तुझ्याकडेच होतो असे सांग.

पुन्हा ता.क. मीच सांगितले असते, पण खोटे न बोलण्याचे शील त्या पाचांतच आहे. आल्यापासून तोंड मिटून बसलो आहे. प्रणितला वाटते दाढ दुखते. तू अजून शील घेतलेले नाहीस, हा मोठा आधार. पुढच्या पुनवेला तूही घे, पण आधी फोन उचल.